‘मित्रांसोबत मजा’ या विषयावर वर्गात काय घ्यावं? कार्ड आणि निबंध सोडून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तिसरीचा वर्ग आहे, ३८ मुलं, ‘मित्रांसोबत मजा’ हा विषय आठवडाभर घ्यायचाय, मागच्या वेळी ‘माझा मित्र’ निबंध आणि फ्रेंडशिप कार्ड घेतलं तर दहा मिनिटांत सगळं आटोपलं, मुलं कंटाळली, आणि दोन मुलांना एकही कार्ड मिळालं नाही म्हणून रडारड झाली ती वेगळीच. आता जरा क्रिएटिव्ह काय घेता येईल?

खरं सांगू का, मला तुमच्या प्रश्नात कंटाळ्यापेक्षा ती रडारड महत्त्वाची वाटली. मी एकवीस वर्षं प्राथमिकला शिकवतेय आणि सुरुवातीला मी तुमच्यापेक्षा वाईट प्रकार केलेला आहे. फळ्यावर सगळ्यांची नावं लिहिली आणि म्हटलं, प्रत्येकाने येऊन आपल्या बेस्ट फ्रेंडच्या नावापुढे एक चांदणी काढायची. मला वाटलं काय गोड आयडिया सुचलीय आपल्याला. शेवटी एका मुलीच्या नावापुढे अकरा चांदण्या आणि एका मुलाच्या नावापुढे काहीच नाही, मग तो मुलगा शांतपणे उठला, फळ्यापाशी गेला, स्वतःच्या नावापुढे स्वतःच एक चांदणी काढली आणि जागेवर येऊन बसला. वर्गात कोणी हसलंसुद्धा नाही. त्या दिवसापासून वर्गात उघडपणे ‘तुझा मित्र निवड’ असं मी कधीच सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही सांगू नका, पुढचं सगळं विसरलात तरी चालेल.

म्हणजे कोण कोणाला निवडतं हे शिक्षकाला कळायला नको असं नाही, ते तर फार कामाचं असतं. जेकब मोरेनो म्हणून एक मानसोपचारतज्ज्ञ होते, त्यांनी १९३० च्या दशकात हे चक्क कागदावर मांडायची पद्धत काढली, प्रत्येक मूल म्हणजे एक गोल आणि निवड म्हणजे बाण, त्याला सोशिओग्राम म्हणतात. मी वर्षातून दोनदा करते. पण मुलांना एकेकटं विचारून, आणि तो कागद माझ्या कपाटात कुलपात असतो. फळ्यावर नाही.

आता ॲक्टिव्हिटी निवडायची माझी कसोटी एकच आहे, ती म्हणजे हे काम एकट्याने पूर्ण होतं का? होत असेल तर ते या विषयासाठी बाद. कार्ड एकट्याने होतं, निबंध एकट्याने होतो, ‘मैत्री म्हणजे काय’ यावर पोस्टर तर एकटं हुशार मूल करतं आणि बाकीचे चार जण बाजूला बसून स्केचपेनची टोपणं उडवतात. मजेबद्दल लिहायला लावलं की मजा येत नाही हो, आधी मजा येऊ द्या मग हवं तर लिहायला सांगा, आणि मजा तेव्हा येते जेव्हा समोरच्याशिवाय माझं काम अडतं आणि तो काय करेल ते मला माहीत नसतं.

पहिला अडथळा जोड्यांचाच येतो. मुलांना जोड्या करायला सांगितल्या की नेहमीचेच दोघं दोघं चिकटतात आणि तीच तीच तीन मुलं उभी राहतात. म्हणून मी जुन्या कॅलेंडरमधली, मासिकातली चित्रं जाड पुठ्ठ्यावर चिकटवून वाकडीतिकडी कापून ठेवलीत, ३८ मुलांना १९ चित्रं म्हणजे ३८ तुकडे. दारातून आत येताना प्रत्येकाच्या हातात एक तुकडा द्यायचा आणि आपला दुसरा अर्धा शोधायला सांगायचं. हे शोधणंच पाच मिनिटांचा खेळ होतो, हत्तीची सोंड घेऊन फिरणारा हत्तीची शेपटी शोधतो. एक चित्र तीन तुकड्यांचं करून वेगळं ठेवा, कारण रोज कोणीतरी गैरहजर असतंच आणि मग ‘टीचर मला पार्टनर नाही’ हे वाक्य ऐकावं लागतं, ते वाक्य वर्गात यायलाच नको. आणि नशिबाने आलेल्या पार्टनरबद्दल मुलं फार कुरकुर करत नाहीत, टीचरने ठरवलेल्या पार्टनरबद्दल मात्र तोंड वाकडं करतात, हा माझा अनुभव आहे, कारण काय ते मानसशास्त्रवाले सांगतील.

सुरुवातीला छोट्या गोष्टी घ्या. दोघांत एक खडू, म्हणजे दोघांनी एकच खडू एकत्र धरायचा आणि न बोलता पाटीवर किंवा फरशीवर घर काढायचं, तीन मिनिटं. घर कधीच नीट येत नाही, एकाला खिडकी काढायची असते आणि दुसरा छपराकडे ओढतो, आणि ते वेडंवाकडं घर बघून दोघंही जे हसतात तेच आपल्याला हवंय. किंवा आरसा घ्या, समोरासमोर उभं राहून एक जण हळू हालचाल करतो आणि दुसरा आरसा होतो. अमेरिकेत व्हायोला स्पोलिन यांनी नाटकासाठी जे खेळ बसवले त्यात हा आहे आणि जगभरच्या नाट्यशिबिरांत तो घेतात. त्यातली खरी मजा तिसऱ्या पायरीला येते, आधी एक पुढाकार घेतो, मग दुसरा, आणि मग सांगायचं की आता पुढाकार कोणाचाच नाही, दोघंही आरसा. सात-आठ वर्षांच्या मुलांना हे जमतं, पण ‘हळू, इतकं हळू की जणू पाण्यात आहात’ असं सांगावं लागतं, नाहीतर लगेच कराटे सुरू होतात.

मग घडीचं चित्र. हे माझं सगळ्यात आवडतं आहे, आणि ज्यांना चित्रकला येत नाही असं वाटतं त्यांच्यासाठी तर वरदान. १९२० च्या दशकात पॅरिसमधली सर्रिअलिस्ट, म्हणजे स्वप्नातल्यासारखं अजब काहीतरी लिहिणारी-काढणारी कवी-चित्रकार मंडळी हा खेळ टाइमपास म्हणून खेळायची, कागद दुमडून एकाने लिहायचं-काढायचं आणि पुढच्याने ते न बघता पुढे न्यायचं. वर्गात मी असं घेते. ३८ मुलं म्हणजे तिघांचे दहा ग्रुप आणि चौघांचे दोन. प्रत्येकाकडे एक कोरा कागद, तिघांच्या ग्रुपला तीन आडव्या पट्ट्या पडतील अशा घड्या, चौघांना चार. सगळ्यांनी सगळ्यात वरच्या भागात डोकं काढायचं, माणसाचं, प्राण्याचं, रोबोटचं, कशाचंही. आता महत्त्वाचं, मानेच्या दोन रेघा घडीच्या खाली अगदी बोटाच्या नखाएवढ्या येऊ द्यायच्या, मग तो भाग मागे दुमडायचा आणि कागद उजवीकडच्याला द्यायचा. त्याला फक्त त्या दोन रेघा दिसतात, तिथून तो धड काढतो, पुढचा पाय काढतो, चौघांत असेल तर चौथा तो प्राणी कशावर उभा आहे ते काढतो. प्रत्येक भागाला तीन मिनिटं, त्याहून जास्त दिली तर मुलं डोकावायला लागतात. त्या नखाएवढ्या रेघा विसरल्या तर डोकं एकीकडे आणि धड भलतीकडे, मग मुलं म्हणतात याने माझं चित्र बिघडवलं, म्हणून पहिल्यांदा फळ्यावर एक करून दाखवाच.

उघडताना सगळ्यांनी एकदम उघडायचं, तीन-दोन-एक म्हणून. त्या क्षणी वर्गात जो आवाज होतो तो शेजारच्या वर्गाला सहन होत नाही, त्यांना आधी सांगून ठेवा. आणि कागदावर नाव कोणाचंच टाकायचं नाही, कारण ते चित्र कोणा एकाचं नसतंच. नंतर तिघांनी मिळून त्या प्राण्याला नाव द्यायचं, तो काय खातो, कशाला घाबरतो, त्याचा मित्र कोण असेल हे पाच ओळींत लिहायचं, आणि बघा, जी मुलं ‘माझा मित्र’वर दीड ओळ लिहून थांबली होती तीच मुलं इथे पान भरून लिहितात. लेखनाचा तास असा फुकटात होतो.

पाठीला पाठ लावून काढायचं चित्र तुम्हाला माहीत असेल, एकाकडे साधं चित्र असतं, तो तोंडी सांगतो आणि पाठमोरा बसलेला दुसरा काढतो. भूमितीसाठीही चालतं. फक्त पहिल्या फेरीत ऐकणाऱ्याला प्रश्न विचारायला बंदी ठेवा आणि दुसऱ्या फेरीत परवानगी द्या, दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की मुलांनाच फरक कळतो, आपण काही बोलायची गरज पडत नाही.

खेळांकडे येऊ. संगीत खुर्ची हा मित्रांचा खेळ म्हणून सर्रास घेतात, आणि बघायला गेलं तर तो एकेकाला बाहेर काढायचा खेळ आहे, ज्याला पळायची सवय कमी तो पहिला बाहेर आणि उरलेला सगळा वेळ भिंतीला टेकून. कॅनडाचे टेरी ऑर्लिक यांनी १९७० च्या दशकात सहकाराचे खेळ म्हणून बरंच काम केलं, त्यात याची उलटी आवृत्ती आहे, जागा कमी होत जाते पण मूल एकही बाहेर जात नाही, उरलेल्या जागेत सगळ्यांनी मावायचं. मी आधी वर्तमानपत्राचे कागद टाकून घ्यायचे, पण गुळगुळीत फरशीवर कागद सटकतो, एकदा एक मुलगी चांगलीच आपटली, म्हणून आता खडूने गोल काढते आणि प्रत्येक फेरीनंतर ओल्या फडक्याने एकेक पुसते. सहा-सात जणांचा एक ग्रुप, सुरुवातीला सहा गोल, शेवटी एक. नियम एवढाच की प्रत्येकाचं एक पाऊल गोलात टेकलेलं हवं. शेवटच्या गोलाला मुलं काय काय युक्त्या काढतात, एकमेकांच्या खांद्याला धरून बाहेर झुकतात, छोट्याला मध्ये घेतात. ज्यांना कोणी अंगाला हात लावलेला आवडत नाही अशी एकदोन मुलं प्रत्येक वर्गात असतात, त्यांना आधीच विचारा आणि गोल पुसायचं काम द्या, ते काम सगळ्यांना हवं असतं त्यामुळे शिक्षा वाटत नाही.

आता ज्यासाठी मी हे एवढं लिहायला बसले ती ॲक्टिव्हिटी. नवा खेळ बनवणे. याला तीन दिवस लागतात, रोज एक पिरियड, पण एवढं करून बाकी काही घेतलं नाही तरी विषय पुरा होतो.

पाच जणांचे सहा ग्रुप आणि चौघांचे दोन. प्रत्येक ग्रुपला एक कागदाचा बोळा, हातभर सुतळी, बाटल्यांची तीन झाकणं आणि एक खडू. वीस मिनिटांत यातून एक नवीन खेळ शोधायचा. अटी चार, त्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. खेळ पाच मिनिटांत संपला पाहिजे, वर्गात पळापळ नाही, सगळ्यांना सगळा वेळ काहीतरी काम असलं पाहिजे, आणि कोणीही आऊट होणार नाही.

चौथ्या अटीवर दंगा होतो. दरवर्षी. ‘आऊटच नाही तर मग मजा काय?’ असं पहिली पाच मिनिटं चालतं, त्यावर उत्तर द्यायचा मोह होतो पण देऊ नका, ‘बघा काय जमतंय’ एवढंच म्हणून पुढे जा. कारण त्या अटीतूनच मुलं भन्नाट गोष्टी काढतात. एका वर्षी एका ग्रुपने ठरवलं की ज्याला बोळा लागेल तो झाड होणार, एका जागी उभा राहणार, पण झाडाला फांद्या असतात म्हणून तो हात पसरून बोळा अडवू शकतो. मग शेवटी असं झालं की झाड होण्यातच जास्त मजा, सगळे मुद्दाम बोळा लावून घ्यायला लागले आणि खेळ कोसळला, आणि तो कसा दुरुस्त करायचा यावर त्या पाच जणांनी जेवढी डोकी लावली तेवढी गणिताच्या तासाला लावली असती तर मी धन्य झाले असते. शेवटी तोडगा निघाला की दहा आकडे मोजून झाले की झाडाला पुन्हा माणूस व्हावं लागतं.

भांडणं होणार, सांगून ठेवते. बारा मिनिटांच्या आसपास एखाद्या ग्रुपमध्ये एक जण सुतळी घेऊन बाजूला बसतो कारण त्याची आयडिया कोणी घेतली नाही. लगेच धावत जाऊ नका. मी साधारण दोन मिनिटं थांबते, बहुतेक वेळा सुतळीशिवाय अडतं म्हणून बाकीचे स्वतःच त्याच्याकडे येतात, सामान एकेकच देण्याचा हा फायदा, म्हणून कोणी मागितलं तरी दुसरी सुतळी देऊ नका. दोन मिनिटांत नाही मिटलं तर जाऊन फक्त विचारायचं, ‘तुमच्या खेळात आत्ता कोणाला काम नाहीये?’ तिसरी अट फळ्यावर लिहिलेली असतेच, मुलंच त्याला काम शोधून देतात. आपण निवाडा करायला बसलो की संपलं, मग पुढचे वीस मिनिटं फिर्यादी ऐकायच्या.

दुसऱ्या दिवशी नियम लिहायचे. एका कागदावर, असे की ज्याने हा खेळ कधी पाहिलेला नाही त्याला वाचून खेळता यावा. मुलं खुशाल लिहितात, ‘बॉल टाकायचा मग पकडायचा’, आणि त्यांना वाटतं झालं लिहून. दुरुस्त करू नका! तिसऱ्या दिवशी तो कागद आणि सामान दुसऱ्या ग्रुपला द्या, आणि ज्यांनी खेळ बनवला त्यांनी शेजारी उभं राहून बघायचं पण एक अक्षर बोलायचं नाही. मी त्यांना तोंडावर बोट ठेवायला लावते कारण नाहीतर राहवतच नाही. समोरचे वाचतात, ‘बॉल टाकायचा’, कुठून? कोणी? कोणाकडे? आणि ते काहीतरी भलतंच खेळायला लागतात. बनवणाऱ्यांची जी तगमग होते ना ती बघण्यासारखी असते, दोघंतिघं तर उड्या मारतात. दहा मिनिटांनी कागद परत, आता लिहा पुन्हा. सूचनालेखन हा भाग मी वर्षानुवर्षं पुस्तकातून शिकवला आणि तो असा एका तासात कळतो, क्रमवार लिहिणं, कोणी-कुठे-किती हे सांगणं, सगळं. एका ग्रुपला तर दुसऱ्यांनी चुकून खेळलेला खेळ आपल्यापेक्षा भारी वाटला आणि त्यांनी आपले नियमच बदलले.

बक्षीस नको, सगळ्यात भारी खेळ कोणता असं मतदान तर अजिबात नको, मतदान म्हणजे फिरून त्या चांदण्याच. नियमांचे आठ कागद प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून सामानासकट एका खोक्यात ठेवा, पाऊस असेल, मैदान बंद असेल तेव्हा मुलं स्वतः काढून खेळतात.

कमी वेळ असेल, एकच पिरियड हातात असेल, तर चार चिठ्ठ्यांचं कोडं घ्या. १९७१ मध्ये अमेरिकेत ऑस्टिन शहरातल्या शाळांमध्ये वेगवेगळ्या वंशांची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात यायला लागली होती आणि तणाव होता, तेव्हा एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी जिगसॉ पद्धत काढली, धड्याचा एकेक तुकडा एकेका मुलाकडे, त्यामुळे प्रत्येकाचं ऐकावंच लागतं. मी ते गंमत म्हणून वापरते. डस्टर हरवलाय. चौघांना एकेक चिठ्ठी, वाचून दाखवायची पण हातात द्यायची नाही. एकीत लिहिलेलं असतं की डस्टर कपाटात, खिडकीत, टेबलाच्या ड्रॉवरमध्ये किंवा दप्तरात आहे. दुसरीत, त्या जागेतून बाहेरचं काही दिसत नाही. तिसरीत, ती जागा कोणी पाठीवर घेऊन फिरत नाही. चौथीत, ती जागा टीचरपेक्षा उंच नाही. (तुमच्या वर्गातलं कपाट बुटकं असेल तर ही चिठ्ठी बदला, मी एकदा दुसऱ्या वर्गात घेतलं आणि मुलांनी मलाच खोटं ठरवलं.) डस्टर खरोखर तिथे लपवून ठेवा आणि सोबत गोष्टीचं पान, कोडं, काहीतरी ठेवा. वाचायला अडखळणाऱ्या मुलाला छोटी चिठ्ठी द्यायची, पण त्याच्या चिठ्ठीशिवाय उत्तर येत नाही हे महत्त्वाचं.

एक गोष्ट मात्र मजेमजेत शिकवावी लागते, ती म्हणजे चालू खेळात शिरायचं कसं. काही मुलांना मित्र नसतात ते स्वभावामुळे नाही, त्यांना शिरणं जमत नाही. ती येऊन एकदम बोळा पळवतात, किंवा ‘असं नसतं खेळायचं’ म्हणून सुरू करतात, किंवा लांब उभी राहतात आणि कोणीतरी बोलवेल म्हणून वाट बघतात. पुटालाझ आणि गॉटमन या दोन संशोधकांनी १९८१ मध्ये नेमका हाच अभ्यास केला होता, त्यात दिसलं की समवयस्कांत न रुळलेली मुलं खेळात शिरताना लक्ष आपल्याकडे ओढून घेतात, स्वतःबद्दल बोलतात, विरोध करतात, आणि मग त्यांना आत घेतलं जात नाही. जमणारी मुलं आधी बघतात आणि जे चाललंय त्यात मिसळतात.

हे भाषण म्हणून सांगितलं तर कोणाच्या डोक्यात शिरत नाही. मी खोडरबर, शार्पनर आणि पेन्सिल यांचं नाटक करते. टेबलावर दोन पेन्सिली दुकान-दुकान खेळतायत, खोडरबरला यायचंय. पहिल्यांदा खोडरबर धाडकन मध्ये उडी मारतो, मुलं खिदळतात. मग विचारायचं, आता याने काय म्हणावं? बहुतेक जण म्हणतात ‘मला घ्या ना’, ते ठीक, पण त्याला ‘नाही’ हे उत्तर फार सोपं आहे. मग म्हणायचं, या दुकानात काय कमी आहे? कोणीतरी ओरडतं, गिऱ्हाईक! मग खोडरबर येऊन म्हणतो, ‘अहो दुकानदार, एक किलो साखर द्या’, आणि आत शिरतो, विचारलंसुद्धा नाही. नंतर जोड्यांनी आपापल्या कंपासमधल्या वस्तू घेऊन वेगवेगळे खेळ लावायचे आणि तिसऱ्याने शिरायचं. वस्तू घेतल्यामुळे नाही म्हटलं तरी ते खोडरबरला लागतं, मुलाला नाही. आणि नाही कसं म्हणायचं हेही याच नाटकात घ्या, ‘हा डाव संपला की ये’ हे ‘जा तू’पेक्षा वेगळं आहे हे मुलांना करून बघितल्यावर कळतं.

मधल्या सुट्टीचा नकाशा हे शेवटचं. चौघांत एक मोठा कागद, त्यावर शाळेचं मैदान, जिना, नळ, झाड, सगळं काढायचं, आणि मग प्रत्येकाने आपल्या रंगाने काल मधल्या सुट्टीत आपण कुठे कुठे गेलो ती पावलं काढायची, जिथे हसलो तिथे एक छोटं तोंड. मुलांसाठी ही चित्रकला आणि भूगोल, ती रमून जातात, कारण काल कुठे गेलो यावरून ‘तू कुठे होतास, मी तर तुला पाहिलंच नाही’ अशा गप्पा सुरू होतात. तुमच्यासाठी मात्र तो कागद घरी नेऊन नीट बघण्याचा आहे. माझ्या एका वर्गाच्या नकाशात एका मुलीची हिरवी पावलं फक्त नळापाशी गोल गोल फिरत होती, हसरं तोंड एकही नाही. रोज सुट्टीभर ती हात धूत असायची, कारण नळापाशी उभं राहिलं की आपण एकटे आहोत असं दिसत नाही. मला सहा महिने हे कळलेलं नव्हतं. मी तिला काही विचारलं नाही, वर्गात तर नाहीच. फक्त दुसऱ्या दिवशी नळाच्या शेजारच्या फरशीवर खडूने उड्यांचे चौकोन आखून ठेवले आणि मुलांना सांगितलं की झाडाखालचे चौकोन पुसले गेलेत, आता इकडे खेळा. आठवड्याभराने ती चौकोनात होती, हात कोरडे.

हेच पूर्वप्राथमिकला घ्यायचं असेल तर फार अपेक्षा ठेवू नका. मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये साधारण दोन ते पाच वर्षांच्या मुलांच्या खेळाचं निरीक्षण करून पायऱ्या मांडल्या, एकटं खेळणं, नुसतं बघणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, मग हळूहळू मिळून खेळणं. तीन वर्षांचं मूल शेजारच्याकडे न बघता वाळूत खणतंय म्हणजे त्याला मित्र नकोय असं नाही, त्याच्यासाठी तीच सोबत आहे. त्यांना जमिनीवर लांबलचक कागद पसरून द्या, प्रत्येकाने आपल्यासमोर आपलं घर काढायचं, आणि शेवटी एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत रस्ता. बास.

आवाजाचं तुम्ही विचारलं नाहीत पण विचाराल. आवाज होणारच. ओरडून गप्प करू नका, दिवा बंद-चालू किंवा हात वर असा एक इशारा पहिल्याच दिवशी ठरवा आणि त्याची चार वेळा गंमत म्हणून प्रॅक्टिस घ्या. आणि जे मूल म्हणेल मला नाही खेळायचं, त्याला खेळाचा बातमीदार करा, कागद-पेन्सिल घेऊन फिरायचं आणि कोण कशावर हसलं ते लिहायचं. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला बातमीदार पेन्सिल टाकून खेळात येतो असं मी पुष्कळदा पाहिलंय, नाही आला तरी त्याचा कागद सगळ्यांना ऐकायचा असतोच.

सोमवारी चित्रांचे तुकडे आणि घडीचं चित्र घ्या, मंगळवारी खोडरबरचं नाटक, आणि नवा खेळ बुधवार-गुरुवार-शुक्रवार. शुक्रवारी शेवटचा तास मात्र घेऊ नका, घंटा होते, मुलं दप्तरं घेऊन पळतात आणि झाकणं त्यांच्या खिशातून घरी जातात.